स्लेनचा फ्रँक आणि आपल्या चावडीवरचा दगड

नवान, आयर्लंड

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. रात्रपाळ्या चालू आहेत, पण झोप पुरी होते, आईला सांगा काळजी करू नकोस म्हणून. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेतला.

इथून जवळच, बॉइन नदीच्या काठी स्लेन हे गाव आहे. तिथं फ्रान्सिस लेडविज नावाच्या शिपायाचं घर जपून ठेवलंय. घरचे त्याला फ्रँक म्हणायचे. शेतमजुरांसाठी बांधलेल्या घरांपैकी हे एक, ठेंगणं, दगडी. इथं नऊ भावंडं वाढली, फ्रँक आठवा. जन्म १८८७ चा. तो जेमतेम पाच वर्षांचा असताना बाप गेला. आई, ॲन तिचं नाव, दुसऱ्यांच्या शेतात राबली, लोकांचे कपडे धुतले. थोरला पॅट्रिक शिकून मार्गाला लागला होता, तो क्षय घेऊन घरी परतला आणि गेला. त्या माउलीनं काय काय सोसलं असेल!

फ्रँकची शाळा तेराव्या वर्षी सुटली. पुढे त्याला डब्लिनजवळ एका वाण्याच्या दुकानात कामाला ठेवलं. पोराला घराची अशी ओढ लागली की एका रात्री तो उठला आणि जवळपास पन्नास किलोमीटर चालत स्लेनला आला. परत गेलाच नाही. मग शेतात, तांब्याच्या खाणीत, रस्त्याच्या कामावर मजुरी केली. खाणीत मजुरांसाठी संप केला म्हणून नोकरी गेली. आणि हे सगळं करत तो कविता लिहायचा, रानातल्या पाखरांच्या, आईच्या, या नदीच्या. लॉर्ड डनसेनी या जवळच्या जहागीरदारानं त्या छापून आणायला मदत केली.

आजोबा, फ्रँक इंग्रजांचा भक्त नव्हता. धाकट्या जोबरोबर त्यानं स्लेनमध्ये, इंग्रजांकडून स्वराज्य हवं म्हणणाऱ्या आयरिश स्वयंसेवक दलाची शाखा काढली होती. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि आयरिश तरुणांनी ब्रिटिश फौजेत जावं असं पुढारी म्हणू लागले, तेव्हा इथल्याच सभेत तो विरोधात बोलला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर काही दिवसांतच, २४ ऑक्टोबरला, तो स्वतः भरती झाला. लोक म्हणतात, प्रेमभंग झाला म्हणून गेला. त्यानं स्वतः दिलेलं कारण वेगळं होतं: इंग्लंडनं आपल्यासाठी लढावं आणि आपण घरी बसून नुसते ठराव करावेत, हे त्याला पटत नव्हतं. मी त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवते.

तो तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढला, मग सर्बियाच्या थंडीत आजारी पडला. तो मँचेस्टरच्या इस्पितळात असताना १९१६ चा इंग्रजांविरुद्धचा डब्लिनचा उठाव झाला. त्याचा कवीमित्र थॉमस मॅकडोना याला ३ मे रोजी गोळ्या घातल्या, ज्या फौजेचा गणवेश फ्रँकच्या अंगावर होता तिनंच. पुढे तो जोला म्हणाला, आता जर्मन आपल्या परसातल्या भिंतीवरून आत आले तरी मी बोट उचलणार नाही. त्या परसात मी बराच वेळ उभी होते. अशा मनानं तो पुन्हा आघाडीवर गेला. तिथून एका लेखिकेला त्यानं कळवलं की तारा या जुन्या आयरिश राजांच्या टेकडीवर गेलात तर इथल्या प्रत्येक डोंगराला, रानाला माझी आठवण सांगा, माझा जीव तिथंच आहे.

३१ जुलै १९१७. बेल्जियममध्ये ईप्रजवळ मोठी लढाई सुरू झाली तो पहिलाच दिवस, वरून पाऊस. फ्रँकची तुकडी मागे रस्ता बांधत होती, म्हणजे घरी करायचा तेच काम. चहासाठी थांबले असताना तोफगोळा पडला. तीस पूर्ण व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. बूझिंगेजवळच्या आर्टिलरी वुड स्मशानभूमीत त्याला पुरलंय.

पुढे आयर्लंड स्वतंत्र झालं आणि इंग्रजांच्या गणवेशात मेलेल्या पोरांची नावं घ्यायला घरचेच कचरू लागले. पोराचं दुःखही चोरून करायचं, हे मला फार लागलं. डब्लिनला त्यांचं स्मारक आहे, दिल्लीचं इंडिया गेट आखणाऱ्या लचेन्सनंच आखलेलं. कितीतरी वर्षं तेही उजाड पडलं होतं. पण तिथल्या ग्रंथांत ४९ हजारांवर नावं आहेत, एकेक करून लिहिलेली.

आपल्या चावडीवरच्या दगडावर मात्र त्याच महायुद्धात गावातून किती गेले आणि किती पडले एवढे आकडेच आहेत. तुमचे आजोबा इराकमधल्या बसऱ्याहून परत आले, त्यांचे चुलतभाऊ आले नाहीत, एवढंच मला ठाऊक. त्या चुलतभावाचं नाव काय होतं? मागे बायको होती का, पोरं होती का? तुम्ही स्वतः पलटणीत होतात, तुम्हाला लोक सांगतील. धाकट्या काकांना वही घेऊन बसवा, तुम्ही सांगा, ते लिहितील. आणि जमेल तेव्हा वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे दोघं जाऊन या. दिवाळीला मी येईन तेव्हा उरलेल्या घरी आपण जाऊ.

आईला आणि काकूला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची नात,
सुमी