गाभण घोडींच्या लसीकरणाची सोय तालुका पातळीवर व्हावी

संपादक महोदय,

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत परराज्यांतूनही घोडे येतात, शेजारी शेजारी बांधले जातात, एकाच बादलीतले पाणी पितात आणि श्वासावाटे पसरणाऱ्या अश्व-हर्पिस विषाणूला (ईएचव्ही-१) आयतीच संधी मिळते. तरण्या घोड्याचे यात बहुधा नाक वाहण्यावर व तापावर निभावते. गाभण घोडी मात्र, बहुतेकदा सातव्या महिन्यानंतर, कोणतेही लक्षण न दाखवता अचानक गाभ टाकते. तो गर्भ आणि वार विषाणूने भरलेली असल्याने उघड्यावर फेकल्यास शेजारच्या घोडींनाही लागण होते. शिवाय हा विषाणू शरीरात दडून राहतो आणि लांबच्या प्रवासाच्या ताणाने पुन्हा जागा होतो, त्यामुळे धडधाकट दिसणारे जनावरही रोग पसरवू शकते.

गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या व नवव्या महिन्यात निष्क्रिय (मारलेल्या विषाणूपासून बनवलेली) लस टोचण्याची पद्धत जगभर रूढ आहे, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आपल्याकडेही अशी लस विकसित केली आहे. लस पूर्ण हमी देत नाही हे खरे. म्हणूनच एकट्या घोडीला न टोचता सोबतच्या सर्व घोड्यांना ती द्यावी आणि नवे जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे. पुण्याच्या मोठ्या स्टड फार्मना हे परवडते, पण एका घोडीवर घर चालवणाऱ्याचे अकरा महिने एका रात्रीत वाया जातात. पशुसंवर्धन विभागाने यात्रेआधीच तालुक्याच्या दवाखान्यांत ही लस उपलब्ध करून द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक अश्वपालक, जि. नंदुरबार