मेलेला उंदीर नुसता बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की आपल्या पत्रात लेप्टोच्या, म्हणजे उंदरांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या, बातम्या येतात, त्या यायलाच हव्यात. पण प्रयोगशाळेतले उंदीर स्वतः कशाने मरतात, यावर कोणी लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात मी २२ वर्षं काम केलं, म्हणून हे पत्र.

एका जुलैत सकाळी पिंजरे उघडले, तर पांढरे उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसलेले. अंगावरचे केस ताठ, शेपटीच्या मुळाशी पातळ शी वाळलेली. तीन दिवसांत अकरा गेले, त्यात स्टेरॉइड दिलेल्या गटातले जास्त. वहीत ‘औषधाची विषबाधा’ अशी नोंद झाली आणि नवे उंदीर मागवले. एकाचंही पोट उघडून पाहिलं नाही. मी तेव्हा गप्प बसलो, याचं आजही वाईट वाटतं.

अर्नेस्ट टिझर यांनी १९१७ मध्ये उंदरांतला असाच एक आजार नोंदवला. क्लॉस्ट्रिडियम पिलिफॉर्मी हा त्याचा जिवाणू आतडी आणि यकृत धरतो. धडधाकट दिसणाऱ्या उंदरातही तो दडून राहतो. दाटीवाटी झाली, प्रवासाचा ताण आला किंवा स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती उतरली की उसळतो. जिवाणू वाढवून ओळखायच्या नेहमीच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, तो वाढतच नाही. आमच्याकडे तोच होता असं मी छातीठोकपणे कसं सांगू? तपासलंच नव्हतं.

त्याचे बीजाणू, म्हणजे जिवाणूची चिवट सुप्त रूपं, पिंजऱ्यातल्या अंथरुणात महिनोन्‌महिने टिकतात. आमचं अंथरूण म्हणजे भाताच्या गिरणीवरचं तूस. गोणी पडवीत, पावसाने सर्दावलेल्या, रात्री त्यांवरून घुशी फिरायच्या. लेंड्या दिसल्या की वेचून टाकायच्या आणि तेच तूस पिंजऱ्यात पसरायचं. दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह होता, पण फक्त काचसामानासाठी.

असा छुपा संसर्ग लहान कॉलेजांपुरताच असतो असंही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, कोणतंही रसायन न दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी सापडल्या. त्यामागे हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस हा तोवर अनोळखी जिवाणू निघाला. १९९४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हा जिवाणू काही जातींच्या उंदरांत मोठ्या आतड्याचा दाहही करतो.

पाण्यात अँटिबायोटिक टाकून हे मिटत नाही. गिनीपिग आणि हॅमस्टर यांना तर पेनिसिलिनच जिवावर बेततं: पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा घातक जिवाणू माजतो आणि प्राणी दगावतो.

कोकणातल्या कॉलेजांना माझी कळकळीची विनंती आहे. तूस ऑटोक्लेव्ह करूनच वापरा, गोणी बंद खोलीत ठेवा, नवे प्राणी आल्या आल्या जुन्यांत मिसळू नका. उंदीर मेला तर त्याचं आतडं आणि यकृत फॉर्मॅलिनमध्ये घालून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विकृतिशास्त्रज्ञांना, म्हणजे अवयव तपासून रोग ओळखणाऱ्यांना, दाखवा. मगच वहीत मृत्यूचं कारण लिहा.

आपला,
एक निवृत्त प्राणीगृह सहायक
चिपळूण