कढईतले तेल इंजिनात जाण्याआधी : बेळगावच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री,
बेळगाव जिल्हा

महोदय, सविनय नमस्कार.

तळणीच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायला आता प्रयोगशाळा लागत नाही. मिथेनॉल, कॉस्टिक (कातडी जाळणारा तीव्र क्षार), एक बॅरल आणि एक पंप एवढ्यावर ते होते, आणि मोबाईलवर बघून कोणीही करायला घेतो. चुकले तर इंजिन जाते, फार चुकले तर माणसाचे डोळे जातात. तरीही हे काम बंद पाडा, असे आम्ही म्हणत नाही. छोट्या गटांना ते परवान्याने, तपासणीखाली आणि त्यांना वाचता येईल अशा भाषेतल्या सूचनांनुसार करता यावे, एवढीच आमची मागणी आहे.

आधी तेलाचे बघू. वारंवार तापवल्याने तेलात वाढणारे बिघाडाचे पदार्थ, म्हणजे एकूण ध्रुवीय घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यात वापरायचे नाही, हा नियम देशभर 1 जुलै 2018 पासून लागू आहे. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी 1 मार्च 2019 पासून तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचे आहे. नियम चांगला आहे, पण तो मोठ्या हॉटेलांना आणि फरसाणाच्या कारखान्यांना लागतो. खडेबाजारातला भज्यांचा गाडा, खानापूर स्टँडजवळची वड्याची टपरी, यात्रेतले तळणाचे दुकान, संकेश्वर-निपाणी महामार्गावरची छोटी खानावळ हे सगळे 50 लिटरच्या आतले. त्यांच्या कढईतल्या उरलेल्या तेलाची नोंद कुठेच होत नाही. त्यातच नवे तेल ओतून ते पुन्हा तापवले जाते, स्वस्तात पुढच्या गाड्याला विकले जाते, नाहीतर गटारीत जाते. या नोंद नसलेल्या तेलाला चांगला भाव आणि चांगला उपयोग मिळाला, तर ते ताटात परत येणार नाही.

हेच तेल फडक्यातून गाळून सरळ डिझेलमध्ये मिसळणे ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत महागात पडणारी वाट आहे. बायोडिझेलचे मानक, आयएस 15607, 40 अंश सेल्सिअसला 3.5 ते 5.0 सेंटिस्टोक एवढीच चिकटाई मान्य करते. साध्या खाद्यतेलाची चिकटाई याच्या सात-आठ पट असते. असे तेल नोजलमधून बारीक फवारत नाही, थेंबाथेंबाने जाते आणि अर्धवट जळते. नोजलच्या तोंडावर काजळीची पापडी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइल दाट करते. पहिले काही दिवस इंजिन छान चालते, म्हणून मिसळणाऱ्याला वाटते की जमले. बिघाड समोर येतो तेव्हा हेड उघडावेच लागते.

तेलाचे बायोडिझेल करणे म्हणजे ही चिकटाई रासायनिक रीतीने मोडणे. कॉस्टिकच्या मदतीने तेल आणि मिथेनॉल यांची क्रिया होते, पातळ एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, वर राहते आणि ग्लिसरीन खाली बसते. हे लिहायला एक ओळ पुरते, पण करताना जे बिघडते ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी: पाणी आणि आम्लता.

बटाटेवडा, भजी तळताना तेलात पाणी उतरते. थोडे तेल पळीत घेऊन तापवले आणि ते तडतडले, तर त्यात पाणी आहे. असे तेल 60 अंशांपर्यंत तापवून रात्रभर स्थिर ठेवायचे, तळाचा गाळ आणि पाणी नळाने काढून टाकायचे, मग पुन्हा पळी तापवून बघायची. पाणी राहिले तर कॉस्टिक तेलाचा साबण करतो, मग ग्लिसरीन वेगळे होत नाही आणि सगळा घाणा दह्यासारखा होतो.

आम्लता मोजल्याशिवाय कॉस्टिक किती घालायचा ते कळतच नाही. वारंवार तापलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात आणि ती कॉस्टिक खातात. मोजायची रीत अशी: एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून द्रावण करा. 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिली तेल मिसळा, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाका आणि सिरिंजने ते द्रावण थेंबाथेंबाने सोडत जा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर हळदीचा अर्कही लाल होऊन खूण देतो, पण काळपट तेलात तो रंग नीट दिसत नाही. जितके मिली द्रावण लागले तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे जास्तीचा, आणि स्वच्छ तेलालाही लागणारा मूळ कॉस्टिक 3.5 ग्रॅम. म्हणजे 3 मिली लागले तर लिटरला साडेसहा ग्रॅम, आणि 20 लिटरच्या घाण्याला 130 ग्रॅम. मिथेनॉल तेलाच्या 22 टक्के, म्हणजे 4.4 लिटर. द्रावण पाच-सहा मिलीच्या पुढे लागत असेल, तर त्या तेलाला आधी आम्लाची प्रक्रिया हवी. कॉस्टिक वाढवत गेल्याने फक्त साबण वाढतो.

सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरावा असे आमचे मत आहे. मोजमापाचे द्रावण सोड्याचेच ठेवले, तर सोड्याच्या आलेल्या एकूण ग्रॅमच्या 1.4 पट पोटॅश वजनाने घ्यावा लागतो. तो मिथेनॉलमध्ये लवकर विरघळतो, खाली बसणारे ग्लिसरीन थंडीत गोठत नाही, आणि उरलेले पोटॅश शेतीला चालते. सोड्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, आधीच क्षारपड होत चाललेल्या उसाच्या रानात तर मुळीच नाही. दोन्ही कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण उघडे राहिलेल्या डब्यातला कॉस्टिक तराजूवर 130 ग्रॅम भरतो, पण कामाला तितका येत नाही.

आता जिवाच्या धोक्याचे. मिथेनॉल साधारण 65 अंशांना उकळते, त्याची वाफ बारा अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. दहा मिली पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, थोडे अधिक गेले तर जीव. ते कातडीतूनही शरीरात जाते. म्हणून तेल आधी 55 अंशांपर्यंत तापवायचे, शेगडी विझवून त्या जागेतून बाहेर न्यायची आणि मगच मिथेनॉलचा बुधला उघडायचा. ज्या खोलीत गॅस आहे तिथे हे काम करायचेच नाही. कॉस्टिक नेहमी मिथेनॉलमध्ये थोडा थोडा घालायचा, जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये, कारण मिश्रण स्वतःहून तापते. जर्मनचे पातेले आणि जस्ताचा पत्रा या कामात आणायचाच नाही: कॉस्टिक ॲल्युमिनियम आणि जस्त खातो, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन व मिथेनॉलची वाफ एकत्र जमली की एक ठिणगी पुरते. भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा साध्या लोखंडाचे, बंद झाकणाचे, वाफ बाहेर नेणाऱ्या नळीसह असावे. उद्यमबागमधल्या कोणत्याही फॅब्रिकेटरला हे काम जमेल. फक्त तळ शंकूसारखा उतरता आणि तळाला नळ हवा, नाहीतर ग्लिसरीन पूर्ण निघत नाही.

हे मिश्रण बंद भांड्यातल्या तेलात घालून, तासभर 55 अंशांवर ढवळून रात्रभर स्थिर ठेवले की तळाला गडद ग्लिसरीन बसते, ते काढून घ्यायचे. क्रिया पूर्ण झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल साध्या तापमानाला हलवा. सगळे विरघळले तर ठीक, तळाला तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट आहे. अर्धवट मालाला पाण्याने धुवायला गेलात तर दुधासारखे पांढरे मिश्रण होते आणि ते दिवस दिवस फुटत नाही. पहिले धुणे कोमट पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने, न ढवळता. धुतलेला माल तापवून, हवा खेळवून वाळवायचा. बाटलीत धरल्यावर पलीकडचे अक्षर स्वच्छ वाचता आले पाहिजे.

याच्यापुढच्या गोष्टी घरी मोजता येत नाहीत, आणि सरकारची गरज इथेच लागते. मानक म्हणते: आम्लांक 0.50 च्या आत, पाणी किलोमागे 500 मिलिग्रॅमच्या आत, मिथेनॉल 0.20 टक्क्याच्या आत, ज्वलनांक (ज्या तापमानाला वाफ पेट घेते तो) किमान 101 अंश. थोडे मिथेनॉल मालात राहिले तरी ज्वलनांक झपाट्याने खाली येतो, आणि मग डिझेलसारखा हाताळलेला बुधला पेट्रोलसारखा पेटतो. हे मोजणारे यंत्र गावात नसते. मच्छेचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ किंवा जिल्ह्यातला एखादा सरकारी पॉलिटेक्निक यांच्याकडे ही तपासणी माफक शुल्कात सोपवता येईल. नमुना दिला, चार आकडे लिहिलेला कागद मिळाला, इतके साधे झाले पाहिजे.

इंधन चांगले असले तरी ते कुठे घालायचे हेही सांगायला हवे. पाण्याच्या पंपाचे जुने एक सिलिंडरचे इंजिन, पॉवर टिलर, जुना ट्रॅक्टर यांत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रण चालते. सुरुवातीला टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, त्यासाठी एक जादा फिल्टर जवळ ठेवावा. साध्या रबराच्या नळ्या फुगतात, त्या व्हायटॉनच्या, म्हणजे इंधन सोसणाऱ्या खास रबराच्या, घ्याव्यात. पितळ आणि तांबे मालाचे लवकर ऑक्सिडीकरण करतात, त्यामुळे पितळी नळ आणि तांब्याची नळी टाळावी, आणि माल तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. पामतेलाच्या मालात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे मेणासारखे कण दिसू लागतात, तेव्हा मिश्रण कमी करावे. बीएस-6 प्रदूषण मानकाच्या नव्या गाडीत घरचे बायोडिझेल अजिबात घालू नये: काजळीचा फिल्टर साफ करताना जादा फवारलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि डिझेलसारखे उडून जात नाही.

करंजाबद्दलही लिहायला हवे, कारण खानापूर तालुक्यात आणि रस्त्यांच्या कडेला करंज भरपूर आहे, कन्नड भाषक शेजारी त्यालाच होंगे म्हणतात. त्याची पेंड उसाला चांगले खत आहे, तेलही चांगले निघते. पण त्या तेलाची आम्लता जास्त असते, म्हणून आधी गंधकाम्ल आणि मिथेनॉलची प्रक्रिया करून, सुटलेले पाणी काढून, मगच कॉस्टिकचा टप्पा घ्यावा लागतो. गंधकाम्लाचे काम परसात करू नये, ते देखरेखीखालच्या प्रक्रिया केंद्रातच व्हावे. हासन जिल्ह्यात मडेनूरला बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने बायोफ्युएल पार्क उभारले आहे. तसे एक छोटे केंद्र मलप्रभेच्या उगमाच्या तालुक्यात का नसावे?

इथेनॉलबाबत मात्र आमचे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट सांगतो. ऊस आणि मळी इतकी जवळ असल्यामुळे घरोघरी इथेनॉल करण्याची कल्पना मोहक वाटते. मळी पातळ करून यीस्ट घातले की दीड-दोन दिवसांत आठ-दहा टक्के अल्कोहोल तयार होते, पण साध्या ऊर्ध्वपातनाने ते 95.6 टक्क्यांच्या पुढे जातच नाही. उरलेले पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषून घेणारे सूक्ष्म छिद्रांचे खडे, लागतात. ते पाणी राहिलेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये घातले तर टाकीत दोन थर होतात आणि इंजिनाला तळचा पाण्याचा थर मिळतो. बायोडिझेल करायला मिथेनॉलऐवजी ते वापरले तर पुन्हा साबण. शिवाय अबकारी परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. इथेनॉल कारखान्यांच्या डिस्टिलरीतच व्हावे. शेतकऱ्याला आणि कामगाराला त्यातले काही शिकायचे असेल, तर बेळगावातच निजलिंगप्पा साखर संस्था आहे.

म्हणून मागणे बायोडिझेलपुरतेच. बायोडिझेल विक्रीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे 2019 पासून आहेत, पण ती वाहतुकीसाठी विक्री करणाऱ्यांसाठी आहेत. स्वतःच्या पंपासाठी महिन्याला शंभर-दोनशे लिटर करणाऱ्या शेतकरी गटाने कोणत्या कचेरीत, कोणता अर्ज करायचा, याचा एक पानी आदेश आपल्या जिल्ह्यात निघावा. गटाची नोंदणी झाली की मिथेनॉल अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद छोट्या ड्रममध्ये, नोंदवहीत सही घेऊन मिळावे, आणि त्यात रंग व कडूपणा आणणारा पदार्थ मिसळलेला असावा. चोरून आणलेले मिथेनॉल बिनलेबलच्या बाटलीत घरात राहते, आणि तीच बाटली कुणीतरी दारू समजून तोंडाला लावतो. रोज 50 लिटरच्या आतल्या गाड्यांचे तेल आठवड्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीने उचलावे, आणि हे काम त्या त्या गल्लीतल्या महिला बचत गटांना किलोमागे ठरलेल्या दराने द्यावे. ग्लिसरीन आणि धुण्याचे साबणी पाणी मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगेच्या ओढ्यांत जाणार नाही, याची अट परवान्यातच असावी. ग्लिसरीनमधले मिथेनॉल आधी काढून मगच ते कंपोस्टमध्ये, तेही थोडे थोडे, घालता येते.

सूचनापत्रक कन्नडबरोबर मराठीत हवे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण देशात मान्य झालेले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कॉस्टिकच्या पोत्यावरची आणि मिथेनॉलच्या ड्रमवरची सूचना वाचणारी बाई किंवा पोरगा पुष्कळदा फक्त मराठी वाचतो. ड्रमवर कन्नड आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत पाच ओळी असाव्यात: हे विष आहे, याची ज्योत दिसत नाही, जवळ आग नको, डोळ्यांत किंवा अंगावर गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, पोटात गेले तर त्रास जाणवण्याची वाट न बघता दवाखाना गाठा, कारण अंधारी यायला कित्येक तास लागू शकतात. हे लेबल छापायला नवा कायदा लागत नाही. येत्या दिवाळीच्या फराळाचे तळण सुरू होण्याआधी ते लागावे, ही विनंती.

आपले,
इंजिन दुरुस्ती, रसायन आणि शेतीच्या कामातले
बेळगाव सीमाभागातील मराठी भाषक नागरिक