सुहासला पत्र: इंजिन कोणतं घ्यावं?

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू घरी बांधतोयस त्या आरव्ही-९ए या छोट्या किट-विमानाचे पंख पुरे झाले आणि टाक्या गळत नाहीत, हे वाचून फार आनंद झाला. लायकॉमिंग कंपनीचं ३२० इंजिन कार्ब्युरेटरचं (हवेच्या वाटेत एकाच जागी इंधन मिसळणारं) घ्यावं की इंजेक्शनचं (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन फवारणारं), हे तू एका ओळीत मागितलंयस. इंजेक्शनचं घे, पण मेकॅनिकल. का ते मात्र सविस्तर लिहितो, कारण ते इंजिन तुला एकट्याने हवेत सांभाळायचं आहे.

तू अमेरिकेत, ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात उडणार आहेस. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत तिथे गारवा, रिमझिम आणि दमट हवा. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला याहून सोयीचं हवामान नाही. कार्ब्युरेटरमधल्या व्हेंच्युरी नावाच्या नळीच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो आणि इंधनाची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं. तापमान तीस-पस्तीस अंशांनीही उतरू शकतं. म्हणजे बाहेर १५ अंश असताना थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या) झडपेवर बर्फ साचू शकतो, तोही वर आकाश स्वच्छ असताना. हवा पुरेशी दमट असेल, तर ३० अंशांवरसुद्धा हे घडतं.

सगळ्यात वाईट वेळ उतरतानाची. थ्रॉटल मिटलेला, झडपेची फट बारीक, इंजिन थंडावत चाललेलं आणि खाली उंची उरलेली नाही. आधी आरपीएम हळूच घसरतो. वैमानिक कार्ब हीटचा (कार्ब्युरेटर गरम करण्याचा) नॉब ओढतो, मफलरभोवतीची गरम हवा आत येते, बर्फ वितळून पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन आणखीच खडखडू लागतं. नवखा माणूस इथे घाबरून नॉब परत आत ढकलतो. त्या काही सेकंदांत नॉब बाहेरच ठेवायला मन घट्ट लागतं.

ओ-३२० (याच इंजिनाचं कार्ब्युरेटरवालं रूप) वापरणारे तुला सांगतील की आम्हाला बर्फाचा त्रास होत नाही. त्यात तथ्य आहे. लायकॉमिंगचा कार्ब्युरेटर गरम सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे कॉन्टिनेन्टल कंपनीच्या ओ-२०० इंजिनापेक्षा तो बर्फ कमी धरतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

कार्ब्युरेटरच्या बाजूचा एक मोठा मुद्दा तुला लागूच पडत नाही. सेस्ना १७२च्या टाक्या वरच्या पंखात, इंधन आपल्या वजनानेच खाली येतं, पंप लागत नाही. तरीही १९८६ मध्ये थांबलेलं त्या विमानाचं उत्पादन दहा वर्षांनी पुन्हा सुरू झालं, ते इंजेक्शनचं इंजिन घेऊनच. तुझे पंख खाली आहेत. इंजिनावरचा पंप आणि जोडीला विजेचा बूस्ट पंप तुला कसंही बसवावंच लागणार. इंजेक्शनला फक्त जास्त दाबाचे लागतात.

उलट उडण्याचा मुद्दाही बाजूला ठेव. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाने नाक एकदम खाली घातलं की मर्लिन इंजिन गुदमरायचं, कारण कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची पातळी राखणारा फ्लोट (तरंगता गोळा). जर्मन विमानांना इंजेक्शन होतं, त्यांना ही अडचण नव्हती. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रातल्या बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये इंधनाच्या वाटेत भोक पाडलेली छोटी चकती बसवून तात्पुरता उपाय केला. मला या बाईंबद्दल अपार आदर आहे. पण आरव्ही-९ए कसरतींसाठी नाही, तेव्हा तुझा निर्णय यावर नको.

आता इंजेक्शनची कटकट. उन्हाळ्यात कॅस्केड्स डोंगररांग ओलांडून बेंड गावाला उतरशील, अर्ध्या तासाने स्टार्ट करायला जाशील आणि इंजिन दाद देणार नाही. सिलिंडरवरच्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळून वाफ झालेली असते. अशा वेळी मिक्श्चरचा (इंधनाचं प्रमाण ठरवणारा) दांडा पूर्ण मागे, थ्रॉटल थोडा उघडा, स्टार्टर फिरवायचा आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर सावकाश पुढे. सवयीने जमतं. मला हा त्रास पत्करण्याजोगा वाटतो, कारण तो जमिनीवर होतो. न जमलं तर तू चहा पिऊन पुन्हा प्रयत्न करशील. हजार फुटांवर ती सोय नाही.

दुसरं, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं नोझल असल्याने मिश्रण सारखं पोचतं आणि लांबच्या प्रवासात ते निर्धास्त पातळ करता येतं. पण नोझलचं भोक अगदी बारीक. टाक्यांत प्रोसीलचा (सांधे बुजवायच्या लुकणाचा) कण किंवा अॅल्युमिनियमचा चुरा राहिला असेल, तर तो तिथेच जाऊन बसेल. इंजिन जोडण्याआधी नळ्या पुन्हा पुन्हा धुऊन, गाळून बघ. यात घाई करू नकोस, हात जोडून सांगतो.

मेकॅनिकल अशासाठी, की अल्टरनेटर गेला, बॅटरी संपली, तरी मॅग्नेटो (स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) आणि इंजिनावरचा पंप आपलं काम करत राहतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनला शेवटपर्यंत वीज पुरवावी लागते आणि ती दुहेरी व्यवस्था पहिल्याच विमानात तू उभी करावीस असं मला वाटत नाही.

पैसे जास्त जातील, ते जाऊ देत. ऑर्डर देण्याआधी एवढं विचार: सर्व्हो (इंजेक्शनचं इंधन मोजून देणारा भाग) सम्पच्या खाली बसतो की पुढे? त्यावर काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, ठरतं. आणि फिल्टर बर्फाने बुजला तर हवा घेणारी पर्यायी झडप किटमध्ये आहे का, हेही. इंधनाच्या नळ्यांचा आराखडा काढलास की मला पाठव, रविवारी बसून नीट बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश