आठ वार लोकर आणि डोंगरवाट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमध्ये मिलगाय ते फोर्ट विल्यम, 154 किलोमीटर किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा, नेसून चालायचं म्हणतोस, तर आधी कापड बघ. लग्नाकार्याच्या हलक्या किल्टचं कापड वाराला दहा-अकरा औंस भरतं; वाऱ्यावर उडतं. डोंगराला वाराला 16 औंसांचं लोकरी कापड घे. पुऱ्या किल्टला आठ वार लागतं, नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि त्यातलं बहुतेक मागच्या चुण्यांत जातं. वजन दोनेक किलो भरतं, पण त्यामुळेच चुण्या जागच्या जागी राहतात.

बांधायचा बेंबीच्या रेषेत, पँटसारखा खाली नाही. गुडघे टेकून बस. कड जमिनीपासून इंचभर वर हवी. याचं कारण काठात आहे. किल्टची खालची कड दुमडून शिवत नाहीत, तो कापडाचा मूळ काठ असतो. पावसात तो भिजून जड होतो, चिखल धरतो आणि पावलागणिक गुडघ्याच्या मागची कातडी सोलतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या किल्ट नेसणाऱ्या स्कॉटिश हायलंडर सैनिकांचे पाय गोठलेल्या काठाने चिरले जात. निघताना गुडघ्यामागे व्हॅसलीन चोळ, थांबशील तिथे काठ मुठीत धरून पिळ. चिखल ओला असताना मात्र पुसू नकोस, धाग्यांत शिरतो. वाळला की ब्रशने झटक.

आत आखूड टाइट्स घाल. आत काही न घालण्याच्या परंपरेचा हट्ट गावात ठीक. दिवसभराच्या चालीत मांड्या घासल्या की तो आपोआप सुटतो.

किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात; पिन फक्त वरच्या पदराला लाव. दोन्ही पदर एकत्र टोचलेस, तर पहिल्याच उंच पायरीवर कापड फाटेल. पुढचा चामडी बटवा, म्हणजे स्पोरन, चढावर मांड्यांवर आपटतो. तो कमरेच्या बाजूला सरकव. सॅकचा पट्टा किल्टच्या उजवीकडच्या दोन बकलांवर येतो का, हे भरलेली सॅक पाठीवर घेऊन घरीच बघ. कुंपण ओलांडताना चुण्या हाताने पुढे ओढून घे, तारेत अडकतात.

नेच्यांच्या रानात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत आणि चुण्यांच्या आतही बघ. चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ, पिळू नकोस.

मुक्कामी किल्ट कमरपट्ट्याने टांगून वाळव. शेकोटीजवळ नाही, ड्रायरमध्ये तर अजिबात नाही; लोकर आटते. घरी परतल्यावर धुण्याआधी चुण्यांना काठाजवळ धावदोरा घाल, नाहीतर इस्त्री करताना घड्या पुन्हा जुळवत बसशील.

तारीख कळव. मे ते सप्टेंबरमध्ये जाणार असशील तर मिजेस, म्हणजे तिथली चिलटं, उघड्या गुडघ्यांवर तुटून पडतात. त्यांचं औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेव.

तुझा,
विनय