बाबा, ऑपरेशनला मी येईन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या मोतीबिंदूचं कळलं. मी येणार आहे. त्याआधी हे लिहिते, कारण फोनवर माझं वाक्य कधीच पुरं होत नाही.

बाबा, दहावीत मला ८६ टक्के पडले होते. तुम्ही आत्याला फोनवर ९२ सांगितलेत आणि माझ्याकडे बघितलंत. मी मान डोलावली. मग काका, शेजारी, ऑफिस, सगळीकडे ९२चे पेढे गेले. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी खरा आकडा बाहेर आला, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हिनेच मला खोटं सांगितलं." पुढे कित्येक दिवस अबोला. आई, तू रात्री उशाशी येऊन म्हणालीस, "माग ना माफी, त्यांचा स्वभावच तसा आहे." मी मागितली. तोवर मला खरंच वाटायला लागलं होतं, की मीच सांगितलं असेल.

स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास तिथे गेला. आजही साधा ईमेल पाठवल्यावर मी तो पुन्हा पुन्हा उघडून बघते.

दादाला तुम्ही डोक्यावर घेतलंत. त्याचंही भलं झालं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय तो भाड्याचं घरसुद्धा ठरवत नाही.

हो, मी समुपदेशनाला जाते. लोक काय म्हणतील, हे आत्ता नको. तिथे मी बाबांना काय झालंय, असं विचारलं होतं. समुपदेशकांनी सांगायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, आत्ममग्न (नार्सिसिस्टिक) व्यक्तिमत्त्वाचा विकार ठरवायला डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत, त्यांतली निदान पाच दिसावी लागतात, आणि समोर न बसलेल्या माणसाचं निदान कुणी करू नये. मला ते पटलं. माझ्याबद्दल मात्र बोलता आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत दीर्घकाळ चाललेल्या आघाताच्या परिणामांची वेगळी नोंद आहे. त्यात स्वतःला कवडीमोल समजणं आहे, भावना न आवरणं आहे, जवळच्या माणसांपाशीही सावध राहणं आहे. ते वाचून मी खूप रडले आणि मग शांत झोपले.

बाबा, तुमच्याकडून कबुली मिळेल म्हणून मी आता थांबलेली नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हाला पट्ट्याने मारलेलं मला माहीत आहे. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी माझ्या मुलीसमोर तुम्ही मला "नालायक" म्हणालात, तर मी तिला घेऊन लगेच निघेन. आवाज चढला की फोन ठेवेन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा करेन.

आई, त्यांचे निरोप तू आणू नकोस. तुझं काही असेल तर सांग, गुडघ्याचं, भिशीचं, काहीही. ते मला ऐकायचंय. तुझ्याशी नुसत्या गप्पा कधी झाल्याच नाहीत.

ऑपरेशनचा खर्च मी आणि दादा निम्मा निम्मा करू. शुगरचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. दवाखान्यात दिवसभर मीच थांबेन, डोळ्यांत थेंब घालायच्या वेळाही लिहून ठेवेन. रात्री झोपायला मावशीकडे जाईन. तिच्याशी बोलणं झालंय.

तुमची,
धाकटी