अण्णा, गाडी बुक केलीये

अण्णा, आई,

नमस्कार करते. हे फोनवरच सांगणार होते, पण फोनवर अण्णा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, मग आई जेवलीस का विचारते आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून टाइप करून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस, आणि अण्णा, पूर्ण ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

सरळच सांगते. अण्णांसाठी नवीन गाडी बुक केलीये, होंडाची युनिकॉर्न, काळी. पैसे भरून झालेत, हप्ते माझ्या खात्यातून जातील, गाडी अण्णांच्याच नावावर. शनिवारी लातूरच्या शोरूमचा माणूस घरी येईल, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो काढून ठेवा.

यंदा सोयाबीन पाण्यात गेलंय, सप्टेंबरात रानात पाणी किती दिवस उभं होतं ते मी बघितलंय, आणि असल्या वर्षात गाडी कशाला, हे तुमचं पहिलं वाक्य असणार. पण पिकाच्या पैशातून मी काही घेतलेलं नाही. बोनस आला होता. मी फ्रिज बदलणार होते, तो अजून चालतोय. खरंच चालतोय आई, बर्फ पण होतो.

आता पिंपळफाट्याला गाडी पडली त्याचं. तुम्ही दोघांनी मला सांगितलं नाही, काकूनं सांगितलं, तेही तिला वाटलं मला माहितीच असेल म्हणून. आईला विचारलं तर म्हणे "काही नाही गं, जरा घसरले". कोपराला टाके पडले तर त्याला जरा घसरणं म्हणतात का? काकूकडून सगळं नीट विचारून घेतलंय. ट्रॅक्टरच्या टायरनं रानातली काळी माती रोडवर आणून टाकलेली, वरून भुरभुर पाऊस, पुढं शेळ्या आल्या, अण्णांनी पाय दाबला, मागचं चाक जाम झालं आणि गाडी आडवी. शेळ्यांना काही झालं नाही हे तुम्ही काकूला दोनदा सांगितलंत म्हणे.

अण्णा, तुम्ही पायाचाच ब्रेक मारता. मला लहानपणापासून माहितीये. टाकीवर बसून मी शाळेत यायचे, तुमचा रुमाल माझ्या कानाला बांधलेला असायचा, आणि ब्रेक मारायच्या आधी तुमचा डावा हात माझ्या पोटावर यायचा. स्कॉलरशिपच्या पेपरला लातूरला नेलंत तेव्हा सुद्धा. पोटावर हात आला की समजायचं, आता गाडी थांबणार. हातातला ब्रेक तुम्ही कधी दाबला नाहीत कारण "पुढचा मारला की तोंडावर पडतोय माणूस". ही भीती खोटी नाही. ओल्या मातीत पुढचं चाक जाम झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. पण गाडी खरी थांबवतं ते पुढचंच चाक, ब्रेक मारला की सगळा भार पुढं येतो आणि मागचं हलकं होतं, म्हणून नुसतं मागचं दाबलं की ते लगेच घसरतं.

दिवाळीत ओट्यावर एबीएसच्या सक्तीवरून, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवरून, आपलं जे झालं ते मी विसरले नाही. तुम्ही म्हणालात, "काय करूलालीस गं चाकणला, ब्रेक मोजूलालीस? आणि त्याचे पैसे आमच्याकडून घेवूलालेत." सगळे हसले, मीही हसले. माझा पगार ब्रेकच्या कामातूनच येतो म्हणून मी या बाजूनं बोलते असं दादा म्हणाला, म्हणू दे. पण तेव्हा बोलायचं राहिलं ते आता लिहिते.

आत्ताचा नियम असा आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस लागतंच. १२५ आणि त्याच्या आतल्यांना सीबीएस दिलं तरी चालतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. बरं आहे, पण चाक जाम व्हायचं ते होतंच. आता सांगा, आपल्या गावात १२५ च्या वरच्या गाड्या किती? देशात विकतात त्यातल्या बहुतेक दुचाकी त्याच्या आतल्याच. म्हणजे ज्याच्याकडं पैसा, ज्याच्या गाडीखाली हायवे, त्याला कायद्यानं चांगला ब्रेक, आणि जो शेतातून, चिखलातून, मागं बायको आणि पुढं खताचं पोतं घेऊन येतो त्याला स्वस्तातला. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. मामाचं मी परत काढत नाही.

जून २०२५ मध्ये केंद्रानं मसुदा काढला की १ जानेवारी २०२६ पासून लहान गाड्यांना पण एबीएस, आणि गाडीबरोबर दोन हेल्मेट. कंपन्यांनी मुदत मागितली, किंमत वाढेल म्हणाल्या. वाढेलच. पुढं ड्रमच्या जागी डिस्क लागते, सेन्सर लागतो, काही हजार पडतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यात उतरलं ते बघितलं तर एबीएसचा खर्च जवळपास निघून जातो.

तुम्ही म्हणालात, ज्याला पाहिजे तो घेईल, सक्ती कशाला. अण्णा, आपल्या घरात कोण घेणार होतं? २०१० ला स्प्लेंडर घेताना तुम्ही इंडिकेटरचा सुद्धा हिशोब केला होता आणि वाचलेल्या पैशात माझी क्लासची फी भरली होती. जिथं फी आणि ब्रेक यातलं एक निवडायचं तिथं बाप फीच निवडणार. म्हणून तो निवडायचा प्रश्नच गाडीवर ठेवू नये असं मला वाटतं. आणि आई, तू ज्या साडी गार्डवर पाय सावरून बसतेस ना, ते पण कायद्यानंच आलंय, मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे, मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. त्याला कुणी जबरदस्ती म्हणत नाही. २०१७ पासून नव्या गाड्यांचा लाईट दिवसा पण चालू राहतो, त्यावरून आख्खं गाव बोटं हलवून "लाईट लाईट" करायचं, अजून दोघंतिघं करतात, आता बटण परत द्या म्हणून कोण भांडतंय?

तुमचं एक म्हणणं मात्र मला पटतं. रस्ता नीट नाही, उसाच्या ट्रॉलीला मागं साधा लाल कागद नाही, आणि सरकार ब्रेक बघतंय. बरोबर आहे. अंधारात उभ्या ट्रॉलीपुढं एबीएस काहीच करत नाही. पण ट्रॉल्या सुधारतील तोवर ब्रेक पण वाईटच ठेवायचा हे मला पटत नाही.

आणि नियम आला तरी तो नव्या गाडीला. तुमच्या स्प्लेंडरला कुणी एबीएस बसवून देणार नाही, तसं बसवता येत पण नाही. म्हणून थांबले नाही.

आता तुम्ही विचाराल, कारण तुम्ही विचारणारच, की माझं तर मागचं चाक जाम झालं होतं आणि या गाडीत एबीएस पुढच्या चाकालाच आहे, मागं ड्रमच, मग उपयोग काय. दोन्ही चाकांना असलेल्या गाड्या मी बघितल्या, त्या उंच आणि जड, तुमचा पाय टेकला नसता आणि आईला चढता आलं नसतं. उपयोग असा की आता पुढचा ब्रेक न घाबरता दाबता येईल, मग मागचा एवढा चेपायची वेळच येणार नाही. चाकाजवळ एक दातेरी चकती असते, सेन्सर ती फिरताना मोजत राहतो, चाक जाम व्हायला आलं की ब्रेक क्षणभर सैल करतो, परत धरतो, सेकंदात कितीतरी वेळा. उताराला बैल उधळायला लागला की आजोबा कासरा ओढायचे-सोडायचे-ओढायचे, अगदी तसं, फक्त भयंकर पटापट.

तेव्हा हाताला लिव्हर थरथरल्यासारखी लागेल. काहीतरी तुटलं वाटेल. तुटलेलं नसतं, सोडायचं नाही, दाबून धरायचं. हे आधी घरामागच्या मोकळ्या जागेत हळू स्पीडला दाबून बघा, दादाला सोबत घ्या. चावी फिरवली की पिवळा दिवा लागेल, गाडी थोडी पुढं गेली की विझतो, नाही विझला तर शोरूमला दाखवायचं, बाजारातल्या मिस्त्रीकडं उघडायचं नाही. पुढच्या डिस्कला ऑइल लावायचं नाही! तुम्हाला कशालाही ऑइल लावायची सवय आहे, दाराच्या कडीपासून माझ्या सायकलच्या ब्रेकपर्यंत, इथं लावलं तर ब्रेकच लागणार नाही. रानातून आलात की चकतीतली माती पाण्यानं धुवायची. मोकळ्या खडीवर एबीएस असलं तरी गाडी लांब जाऊन थांबते आणि वळणावर गाडी कललेली असताना ते पुरं पडत नाही, तेव्हा पूल संपल्यावरच्या वळणाला आधीच हळू व्हायचं. कारखाने सुरू झालेत, दिवस मावळल्यावर रोडवर जायचं नाही. अडलंच तर दादाला फोन करा, त्याची जीप असते.

डोळे तपासून घ्या. लायसन्सला तसंही डॉक्टरचा कागद लागणार आहे, दोन्ही एकदाच होईल.

दादा म्हणत होता गाडी बंदच करा आता. मी त्याला नाही म्हटलं. एसटी दिवसाकाठी किती येतात माहितीये मला, आणि तुम्ही गाडीवर रानात चक्कर मारून आलात की दोन घास जास्त जेवता हे आई पण सांगते. तुम्हाला घरी बसवायचा माझा विचार नाही, कधीच नव्हता.

सीट रुंद आहे. आई, तुझा गुडघा जास्त मुडपणार नाही, मी शोरूममध्ये साडी नेसलेल्या एका बाईंना बसायला लावून बघितलं, त्या पण हसल्या. ॲव्हरेज स्प्लेंडरपेक्षा कमी पडेल, ते मान्य. पेट्रोलचे मी महिन्याला टाकेन, परत पाठवू नका.

एक राहिलं. शनिवारी तो माणूस स्प्लेंडर घेऊन जाईल. एक्स्चेंजला दिलीये. डिसेंबरात तिचं १५ वर्षांचं पासिंग संपतंय, ते पुढं वाढवता येतं हे मला माहितीये, तरी नको. ती गोठ्यात उभी राहिली तर "जवळच तर जायचंय" म्हणून तुम्ही तिच्यावरच निघणार, आणि नवी पोरासाठी झाकून ठेवणार. फॉर्मवर सही करा अण्णा. रागावलात तर चालेल, दोन दिवस बोलला नाहीत तरी चालेल, सही तेवढी करा. टाकीवरचा तुळजापूरचा स्टिकर निघतोय का बघा, न फाडता निघाला तर माझ्यासाठी ठेवा. पुसून, हार घालून द्या तिला, मी असते तर मीही केलं असतं.

सुट्टी मिळाली की येतेच. आई, ज्वारीचं पीठ पाठवू नकोस, मागचं अजून आहे. बरं, थोडं पाठव.

तुमची,
ताई

ता. क. हेल्मेट आयएसआयचंच घ्यायचंय आणि मापाचं. आई, टेप घेऊन अण्णांच्या डोक्याचा घेर भुवईच्या वरून मोज, टोपी काढून, आणि तुझा पण मोज. अंदाजे नको, सेंटीमीटरमध्ये पाठव.